चार सेकंदांचे काजवे

जून महिना लागला की जपानमधल्या आमच्या नानासावाच्या गावकचेरीत फोन थांबायचा नाही. "यंदा काजवे आहेत ना हो?" सगळ्यांचा एकच प्रश्न! आणि फोन उचलणाऱ्या तोकुरा हिसाएचंही एकच उत्तर, "हो हो, आहेत की! शनिवारी साडेसातला पुलावर या. मुलांना लांब बाह्यांचं काहीतरी घाला, डास फार आहेत."

डासांचं खरं होतं. बाकी सगळं खोटं!

ओढ्यातले काजवे जवळजवळ संपले होते. पाच वर्षांपूर्वी काजवे दाखवायच्या वार्षिक कार्यक्रमाला, म्हणजे काजवे-संध्येला, शहरातून आलेली एक बाई पुलावरून वाकून म्हणाली होती, "एवढेच?" ते "एवढेच?" हिसाएच्या मनाला इतकं लागलं की तिला चार दिवस जेवण गेलं नाही. पाहुण्याचा चेहरा पडला की आम्हा लोकांना जमिनीत गडप व्हावंसं वाटतं. मग तिने पश्चिमेकडचा एक माणूस शोधून काढला. तो काजवे वाढवतो आणि ओल्या शेवाळात घालून खोक्यांतून पाठवतो. तेव्हापासून दरवर्षी कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी दोन खोकी यायची आणि कचेरीतल्या फ्रीजमध्ये बार्लीच्या चहाच्या बाटल्यांशेजारी बसायची. अंधार पडायला लागला की हिसाए पुलाखालच्या गवतात जाऊन झाकणं उघडायची. वरून पाचशे माणसांचा "आऽऽ!" ऐकला की तिचे डोळे भरून यायचे.

हिसाए वाईट नव्हती हं. तिला खरंच सगळ्यांना खूश करायचं होतं. अवघड गोष्ट तीच तर आहे!

ही खोक्यांची भानगड फक्त तिला आणि तिच्या वरच्या मुकाई साहेबांना ठाऊक होती. निदान तिला तसं वाटत होतं. अशी तीन वर्षं गेली. चौथ्या वर्षी काजवे-संध्येच्या आधीच्या सोमवारी शिनोहारा बाई कचेरीत आल्या. वय एक्याऐंशी. अर्ध्या गावाला त्यांनी गणित शिकवलं होतं, आणि जूनमध्ये रोज संध्याकाळी त्या घडीचं स्टूल घेऊन पुलावर बसायच्या.

"हिसाए, आज पावणेआठला पुलावर ये. घड्याळ घालून ये."

"आज जरा काम आहे बाई..."

"तुला पाचवीतही कामच असायचं. ये म्हटलं ना!"

हिसाए गेली. ओढा अंधारात वाहत होता. बराच वेळ काहीच दिसलं नाही. मग पाण्यावर एक उजेड झाला, हिरवट, हळू, आणि मावळला.

"मोज," बाई म्हणाल्या.

"एक, दोन, तीन, चार..." उजेड पुन्हा आला. "चार सेकंद, बाई."

"आपल्याकडचा काजवा चार सेकंदांनी लुकलुकतो. माझ्या आजीच्या वेळीही चारच. आणि गेल्या वर्षी तुझ्या कार्यक्रमात किती होते गं?"

हिसाएने घड्याळ बाहीखाली ढकललं.

"दोन! मी घड्याळ लावून पाहिलंय. पश्चिमेकडचे ते, तिकडे दोनच सेकंद. फ्रीजमध्ये ठेवतेस की बाहेर?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"तीन वर्षं. वाटलं, मुलगी आपणहून सांगेल."

"बाई, मी लोकांच्या आनंदासाठीच केलं हो! ते मुळातच कमी झाले होते. ते काही मी मारले नाहीत!"

"नाही मारलेस. पण ऐक. हा उजेड म्हणजे हाक असते. नर उडत हाक देतो, मादी गवतातून उत्तर देते. आपले मूठभर उरले होते, त्यांच्या डोक्यावर तू दुसरीच बोली ओरडणारे पाचशे परके सोडलेस. सलग तीन वर्षं! ह्यांनी एकमेकांना शोधावं कसं?" बाईंना धाप लागली, पण त्या थांबल्या नाहीत. "दोन वर्षांपूर्वी काठ काँक्रीटने बांधला. तेव्हा गावच्या मंडळात मी एकटी विरोधात उभी राहिले. सगळे काय म्हणाले, आठवतंय? 'बाई, काजवे तर भरपूर दिसतायत, मग अडचण काय?' त्या एप्रिलच्या पावसात मी इथे आले होते. काजव्याच्या अळ्या मातीत शिरायला पाण्याबाहेर येतात. त्या काँक्रीटवर चढत होत्या. चढत होत्या नि चढत होत्या. सकाळी ऊन पडलं तेव्हा सगळ्या वाळून पडल्या होत्या. मी वेचल्या हाताने."

पाण्यावर पुन्हा उजेड आला. चार सेकंद. पुन्हा आला.

"गेल्या वर्षी आपले नऊ मोजले," बाई म्हणाल्या. "यंदा हा एक."

"त्याला कुणी... उत्तर देत नाहीये?"

"नाही."

त्या दोघी तासभर उभ्या होत्या. तो एकटा काठाने वर जायचा, खाली यायचा, हाक मारायचा. हिसाएला वाटलं, ओरडून माफी मागावी. पण कुणाची? काजव्याला माफी कळते का? मग ती रोज पुलावर येऊ लागली. गुरुवारी तो दिसला नाही. शुक्रवारीही नाही.

शनिवारी दुपारी खोकी आली.

"टाक लवकर फ्रीजमध्ये," मुकाई साहेब म्हणाले.

"ह्या वेळी सोडणार नाही, साहेब."

"काय?"

"नाही सोडणार. पुन्हा कधीच."

"डोकं फिरलंय का तुझं? दोन बसगाड्या भरून येतायत! त्यांना काय दाखवणार, अंधार?"

"हो."

"आणि मंडळाला तोंड कसं दाखवायचं?"

"अंधारात तोंड कुठं दिसतंय, साहेब!" हिसाएच्या तोंडून निघून गेलं. वीस वर्षांच्या नोकरीत ती पहिल्यांदाच साहेबांना उलटून बोलली होती!

साडेसातला पूल माणसांनी भरला. युकाता हे उन्हाळी सुती झगे घातलेल्या मुली, हातपंखे, भाजलेल्या मक्याचा वास. हिसाए पुढे आली. माफीसाठी कमरेत खोल वाकली आणि वाकलेलीच राहिली. मग तिने सगळं सांगितलं. खोकी, फ्रीज, तीन वर्षं, आणि तो एकटा काजवा.

मग एकजण ओरडला, "म्हणजे आम्ही तीन वर्षं टाळ्या वाजवल्या त्या खोक्याला?"

"पोरीला दोन तास गाडीत बसवून आणलंय हो!"

"लाज नाही वाटत?"

"वाटते," हिसाए म्हणाली.

दोन्ही बसगाड्या तशाच परत गेल्या, मागोमाग बाकीचेही पांगले. चाळीसेक माणसं उरली, बहुतेक गावातलीच. दिवे मालवले. सगळे कठड्याला टेकून बघत राहिले. पाच मिनिटं. वीस मिनिटं. काही नाही. पाण्याचा तेवढा आवाज.

"आई, कुठेयत?" एका लहान मुलीने विचारलं.

"नाहीत गं."

"का नाहीत?"

आईने तिला कडेवर घेतलं. तेवढ्यात मागून एक घोगरा आवाज आला.

"बांधावर गवत मारायचं औषध मी फवारतो." ते ओबाता काका होते, ओढ्याकाठी त्यांचं भाताचं शेत आहे. "कमरेत वाकवत नाही आता, म्हणून. पाऊस आला की सगळं पाण्यात जातं. माहीत होतं मला."

"माझ्या खानावळीचा पांढरा दिवा..." दुसरा आवाज, खानावळवालीचा. "रात्रभर ओढ्यावर पडतो. बंद करायचा कंटाळा करते मी."

आमच्या गावात असं कुणी बोलत नाही हो! समोरासमोर तर कधीच नाही. पण कुणाचा चेहरा कुणाला दिसत नव्हता. मग कुणीतरी खाकरलं. ते खाकरणं सगळ्यांनी ओळखलं.

"काँक्रीटच्या कागदावर शिक्का माझा आहे," मुकाई साहेब म्हणाले. "काजवे आहेत असं त्यात लिहिलं होतं. ते खोक्यातले होते, हे मला ठाऊक होतं."

मुलीने विचारलं, "मग आता?"

शिनोहारा बाई म्हणाल्या, "आता मोजायचं. शून्यापासून."

खोक्यातल्या काजव्यांचं काय झालं, तेही सांगायला हवं. ते सोडता येत नव्हते, त्यांच्या गावी परत पाठवेपर्यंत ते जगले नसते. हिसाए चार संध्याकाळी त्यांच्यापाशी बसली. दोन सेकंद, दोन सेकंद, करत ते एकेक विझले. तो अपराधही तिचाच, असं ती अजून म्हणते.

खानावळीचा दिवा आता साडेसातला बंद होतो. ओबाता काकांच्या बांधावरचं गवत गावातले लोक पाळीपाळीने विळ्याने कापतात. चाळीस पावलं काँक्रीट फोडून तिथे माती टाकलीय. शिनोहारा बाई फेब्रुवारीत गेल्या. ह्या जूनमध्ये आम्ही रोज पुलावर उभे होतो. मोजणी शून्य. पुढच्या वर्षीही कदाचित शून्यच येईल.

वाचकहो, नकली उजेड पाहून आपण टाळ्या वाजवतो, तेव्हा खरा उजेड विझल्याचं विचारायला कुणी उरत नाही. हिसाए एका पाहुणीचा पडलेला चेहरा झाकायला गेली आणि आम्ही सगळ्यांनी मिळून एक ओढा गमावला! नाराज माणूस समजूत घातली तर परत येतो. गेलेला जीव येत नाही. म्हणून तुमच्याकडे जे संपत चाललंय, ते संपत चाललंय असं आजच मोठ्याने सांगा. लाज वाटली तरी सांगा. निदान तुमच्या पुलावर तरी उत्तराची वाट बघत कुणी एकटा उडत राहू नये!