मलकाप्पाची चाकं

धुळानं हातगाडी अंगणात उलटी केली तेव्हा केराबाई उंबऱ्याच्या आत उभी होती, आणि बाहेर यायची तिची तयारी नव्हती. भिंतीला टेकवून ठेवलेली दोन चाकं तिला तिथूनही दिसत होती. चाकं चांगली होती. बाभळीचे जाड आरे, वर लोखंडी धाव, एकही फट नाही. पण ती मलकाप्पाची होती, आणि मलकाप्पा याच चाकांच्या गाडीखाली सापडून मेला होता.

"अगं, तेल दे की जरा. का तितनंच फेकतीस?" धुळा म्हणाला.

तिनं एरंडेलाची वाटी उंबऱ्यावर ठेवली आणि पायानं पुढं सरकवली. धुळा हसला. नवऱ्याला वाटी पायानं सरकवणारी बाई एरवी चार शब्द ऐकून घेते, पण आज तो खुशीत होता. त्याच्या गाडीची जुनी चाकं पार खिळखिळी झाली होती. मालधक्क्यावरून सुताच्या गासड्या विणकरांच्या पेठेत न्यायच्या, हा त्याचा धंदा. चाकाशिवाय हमाल म्हणजे नुसतं पाठीचं हाड. म्हणून मोडीचं सामान विकणाऱ्या चनमल्लप्पाला त्यानं आईच्या हातची घोंगडी दिली आणि ही चाकं डोक्यावर घेऊन घरी आला. घोंगडी गेली म्हणून केराबाईला राग आला होताच. पण चाकं कुणाची ते कळलं आणि रागाला बसायलाही जागा उरली नाही, इतकी ती भ्याली.

मलकाप्पाही गाडी ओढणारा हमालच. त्याला जाऊन फार दिवस झाले नव्हते. मार्शल लॉ उठल्यावर पेठा पुन्हा नीट चालू झाल्या, त्या वर्षातली गोष्ट. मालधक्क्याकडून येताना एक मोठा उतार लागे. तिथं भरली गाडी त्याच्या अंगावर आली. कुणी म्हणालं प्यायला होता. धुळाही तेच म्हणे.

"प्यायला व्हता त्यो, आनि उतारावर पाय घसरला. चाकानं काय केलं?"

"मग बजामावशी सांगती ते खोटं व्हय?"

"बजामावशीला गिरणीत रिळं भरायची सोडून काय काम हाय? जिभेचं रीळ भरती ती."

बजाबाई शेजारच्या खोलीत राहायची. अक्कलकोटाकडची, मराठी आणि कानडी दोन्ही भाषा सारख्याच फाडफाड बोलणारी. आदल्या दिवशी नळावर तिनं आवाज बारीक करून केराबाईला सांगितलं होतं, असं अवचित मरण आलं की त्या माणसाची गाळी त्या वस्तूला चिकटते. गाळी म्हणजे वारं, पण देवाचं नव्हे, बाहेरचं. केराबाई सांगोल्याकडची. तिच्या माहेरी अंगात वारं यायचं ते बिरदेवाचं, ढोलाच्या तालावर, चांगलं गावभर लोक पाया पडायचे. हे वारं निराळं. हे उतारावर मागून ढकलतं, असं बजाबाई म्हणाली, आणि घागर उचलून गेली. घागर भरली तिची, झोप गेली केराबाईची.

लहानपणी रानात मेंढरांमागं हिंडताना धुळाची सगळी भीती लांडग्यांवर खर्च झाली होती, भुतांसाठी काही शिल्लक राहिली नव्हती. केराबाईचं तसं नव्हतं. आज पहाटे ती बाहेर आली तर भिंतीचं चाक हललं. वारा सुटला होता हे खरं, पण ते कळेपर्यंत तिच्या हातातलं पाणी सांडून गेलं होतं. तिनं दोन्ही चाकांना भंडारा लावला. मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. एका आऱ्याला काळ्या दोऱ्यानं बिब्बा बांधला. तरी भीती काही जाईना. आपला माणूस मरेल, एवढंच तिला सारखं वाटत होतं. या परक्या शहरात, तेही कुणाच्या तरी वाऱ्यानं.

धुळानं जुनी चाकं ठोकून काढली, आस पुसला, त्याला तेल लावलं आणि मलकाप्पाचं उजवं चाक चढवलं. ते बसलं. डावं चाक मात्र चढवलं तसं आसावर डुगडुगायला लागलं. तुंब्याचं, म्हणजे चाकाच्या मधल्या ठोकळ्याचं, भोक आतून झिजून मोठं झालेलं.

"जरा ढिलं हाय," तो स्वतःशीच म्हणाला. मग त्यानं गोणपाटाची पट्टी तेलात भिजवली, आसाला घट्ट गुंडाळली, आणि चाक वरून दाबून बसवलं. हलवून पाहिलं. हललं नाही. आसाच्या टोकाला खीळ मारली की काम झालं. "बघ, कसं बसलं! जावईबापू पाटावर बसावा तसं."

केराबाईनं बघितलं नाही. ती बिब्ब्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुळा भाकरी खाऊन खीळ मारायला उठला तर डाव्या चाकाची खीळ ठेवल्या जागी नाही. त्यानं अंगण शोधलं, गाडीखाली शोधलं, उंदरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. केराबाई चुलीपुढं बसून राख ओढत होती. खीळ पिठाच्या डब्यात होती, तिनंच लपवलेली. तिचा जीव नुसता वरखाली होत होता. एकीकडे चोरी, दुसरीकडे नवरा.

"लोहाराकडनं दुसरी आनतो," म्हणत धुळा गेला.

तेवढा वेळ तिला हवा होता. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि मलकाप्पाचं घर गाठलं. बजाबाईला संगं न्यावं असं तिच्या मनात आलं होतं, पण बजाबाई सकाळच्या भोंग्यालाच गिरणीत गेलेली, आणि खरं तर तिला नेलं असतं तर गोष्ट सगळ्या चाळीत झाली असती.

मलकाप्पाचा म्हातारा बाप, शिवयोगी, ओट्यावर बसून सुंभ वळत होता. तोंडात एक दात नाही. मराठीही जवळजवळ नाहीच. केराबाईची कानडी बाजारात कोथिंबीर घेण्यापुरती. तिनं हातानं गाडी ढकलून दाखवली, आपल्या घराकडे बोट केलं, कुंकवाला हात लावला आणि एकच शब्द विचारला, जो तिला पाठ झाला होता.

"गाळी? मलकाप्पाची गाळी... हाय?"

म्हाताऱ्याचे हात थांबले. तो तिच्याकडे टक लावून बघत राहिला. मग त्यानं सुंभ खाली टाकला आणि तिचं मनगटच धरलं.

"गाळी बिट्टु होगतद!" तो म्हणाला. त्या बोळक्या तोंडात सगळी अक्षरं एकमेकांत मिसळत होती. "इळकलदाग बिट्टु होगतद, यव्वा! ब्याड, ब्याड!" त्यानं मूठ वळली, ती हवेत उघडली आणि बोटं लांब झटकली. पुन्हा मूठ, पुन्हा झटका. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

केराबाईनं एकेक शब्द धरून ठेवला. बिट्टु म्हणजे सोडून. होगतद म्हणजे जातं. ब्याड म्हणजे नको. मधला एक शब्द तिला कळला नाही, पण बाकी सगळं लख्ख होतं: वारं सोडून जातं, बाई, भिऊ नको. आणि ती उघडलेली मूठ, ते पाखरू उडवल्यासारखं झटकणं! आपल्या पोराचा जीव सुटला, हे सांगताना बाप रडणार नाही तर काय? तिनं म्हाताऱ्याच्या पायावर डोकं ठेवलं. तो अजून बोलतच होता, हात जोडत होता. तिनंही हात जोडले आणि निघाली. परत येताना रस्ता तिला सकाळपेक्षा रुंद वाटला.

धुळा रिकाम्या हातानं परतला होता. लोहाराची भट्टी दुपारनंतर पेटायची होती. केराबाईनं पदराखालून खीळ काढून त्याच्या पुढ्यात धरली. पीठ लागलं होतं तिला.

धुळानं खिळीकडे पाहिलं, मग बायकोकडे. "उंदीर लई शाना निघाला की."

"हान आता ती," केराबाई म्हणाली, आणि लाजून हसली. चाक तिनं स्वतः दोन्ही हातांनी धरलं. धुळानं खीळ ठोकली. ज्या चाकाला ती दोन दिवस भीत होती, त्याला धरून ती बसली होती, आणि तिला मुळीच भीती वाटत नव्हती. धुळा गाडी घेऊन मालधक्क्याकडे गेला तेव्हा ती कोपऱ्यापर्यंत बघत उभी राहिली.

गिरणीचा दुपारच्या सुट्टीचा भोंगा झाला आणि बजाबाई केसांतला कापूस झटकत आली. केराबाईला पोटात काही राहीना. तिनं सगळं सांगितलं, खिळीसकट.

"मलकाप्पाचा बा सवताच म्हनला, मावशी. गाळी सोडून जाती. रडला बिचारा."

"काय म्हनला? कानडीतच सांग की, हाय तसं."

केराबाईनं शिवयोगीचे शब्द जमतील तसे म्हणून दाखवले. तो न कळलेला शब्दही म्हटला. मूठ उघडून बोटं झटकली.

बजाबाईचा हात केसांतच राहिला. "इळकल म्हंजी उतार की गं. उतारावर वारं सोडून जातंय? आनि त्ये ब्याड कशाला म्हनंल?" ती क्षणभर ओठ हलवत राहिली. मग तिचा चेहरा उतरला. "अगं बये! गाळी न्हवं. गाली! गाली म्हंजी चाक! उतारावर चाक निसटून जातंय, म्हनला त्यो. लावू नगा म्हनला!"

केराबाई धावली. पायात काही नव्हतं आणि पदर कुठं गेला ते तिला कळलं नाही. आतापर्यंतची भीती तिला नीट ठाऊक होती, तिला भंडारा लावता येत होता, बिब्बा बांधता येत होता. ही भीती वेगळीच होती. हिला ढिलं भोक होतं, गोणपाटाची चिंधी होती, आणि एक खीळ, जी तिनं आपल्या हातानं काढून दिली होती. मी दिली, मी दिली, असं तिच्या डोक्यात प्रत्येक पावलाला होत होतं. चिंधी तेलात भिजलेली होती. ती सरकायला कितीसा वेळ लागणार?

उताराच्या पायथ्याशी ती पोचली तेव्हा धुळा वरून येत होता. गाडीवर गासड्यांचा ढीग, आणि तो पुढं दोन दांड्यांच्या मधे, मागं रेलून, टाचा रोवून, सगळं ओझं पाठीवर तोलत. डावं चाक वाकडं फिरत होतं. तिला ते खालूनही दिसलं. त्याला दिसत नव्हतं. त्याची नजर रस्त्यावर होती.

"अवं!" ती ओरडली. "अवं, ऐकलं का!"

रस्त्यावर बैलगाड्या होत्या, टांगे होते, मालधक्क्याकडून इंजिन शीळ घालत होतं. चार परक्या पुरुषांनी माना वळवल्या. प्रत्येकाला घरी कुणीतरी अवं म्हणणारी होतीच. धुळानं मात्र मान वळवली नाही. ती पुन्हा ओरडली. आता एक टांगेवाला हसला.

लग्नात पाच बायकांनी अडवून धरलं तेव्हा तिनं उखाण्यात एकदा नाव घेतलं होतं, तेही पुटपुटत. त्यानंतर नाही. नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं की त्याचं आयुष्य तुटतं, हे तिला आईनं सांगितलेलं, आईला तिच्या आईनं. आणि आता ते आयुष्य समोर उतारावरून येत होतं. नाव घेतलं तर मरेल, नाही घेतलं तर मरेल. तिनं डोळे मिटले.

"धुळा!" ती किंचाळली. "ए धुळाऽऽ! सोड गाडी! सोड!"

त्याच्या आईशिवाय कुठल्या बाईनं त्याला अशी हाक मारली नव्हती. धुळानं मान वर केली. मधोमध रस्त्यात उघड्या डोक्यानं उभी असलेली आपली बायको त्याला दिसली, आणि तिला काय झालं या धसक्यानंच तो दांड्याखालून वाकून बाहेर आला. गाडी त्याच्या शेजारून पुढं गेली. दोन हात गेली असेल नसेल, डावं चाक खीळ उपटून आसावरून निसटलं आणि एकटंच उड्या मारत भिंतीवर आपटलं. आस जमिनीत घुसला, गाडी पुढच्या अंगाला उलटली, आणि दांड्यांच्या मधे जिथं तो होता तिथंच सगळ्या गासड्या धडाधड कोसळल्या.

लोक जमले. टांगेवाला खाली उतरला. कुणीतरी म्हणालं, बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं रस्त्यात, मग काय होणार? दुसऱ्यानंही मान डोलावली. धुळा चारचौघांत मान राखायला मोठ्यानं म्हणाला, "व्हय, तिनं हाक मारली म्हनून गाडी हातातनं सुटली." केराबाई त्याच्याकडेच बघत होती. तो दोन्ही पायांवर उभा होता, तिला दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

गासड्या बाजूला ओढून झाल्या, लोक पांगले. धुळा रस्त्याच्या कडेला बसला. सुटलेला फेटा पुन्हा बांधायला लागला, पण पीळ काही बसेना. शेवटी फेटा मांडीवर ठेवून तो दांड्यांच्या मधल्या त्या जागेकडे बघत राहिला. लांडग्याच्या गोष्टी हसत सांगणाऱ्या माणसाचा चेहरा केराबाईनं असा कधी पाहिला नव्हता. ती त्याच्याजवळ, जरा अंतर ठेवून बसली.

"केरा," तो म्हणाला, खाली बघत. "मगा काय म्हनलीस मला?"

"काय न्हाय."

"म्हन की. अजून एकडाव म्हन."

केराबाईनं इकडं तिकडं पाहिलं. ऐकायला कुणी नव्हतं. तिनं पदर डोक्यावर घेतला, तोंड उघडलं. मघाशी साऱ्या पेठेला ऐकू गेलेलं ते नाव आता काही केल्या तिच्या तोंडातून येईना, आणि ती गुडघ्यात डोकं घालून रडायला लागली.