शंभरातली नव्वद रोपं

मे महिन्यात नशिराबादच्या पुढच्या त्या पडीक माळावर पोचलो आणि खिशातला कागद पुन्हा काढून पाहिला. मुरूम, काळे दगड आणि ऊन. इथं कुसळ तगायची मारामार, आणि माझ्या कागदावर लिहिलं होतं की दुष्काळातही शंभरातली नव्वद रोपं जगतात.

तो कागद मी धुळ्याला पंख्याखाली बसून केला होता. मी कॉलेजात गणित शिकवतो, तेही अजून कायम नाही. हमरस्ता रुंद करायला सहाशे कडुनिंब तोडायचे होते. त्यांच्या बदल्यात तीन वर्षांनी अठराशे झाडं जिवंत दिसली पाहिजेत, अशी अट होती. पावसाचं काय सांगावं? म्हणून बरं वर्ष, मध्यम वर्ष आणि दुष्काळ, तिन्ही धरून हिशेब मांडायचं काम कॉलेजनं माझ्याकडे दिलं होतं: वाईटात वाईट वर्षीही अट पुरी झाली पाहिजे आणि रोपं कमीत कमी लागली पाहिजेत. जागा तीन होत्या, आणि तिन्हीकडे तीन वर्षांपूर्वी थोडी थोडी रोपं लावून पाहिली होती. दोन ठिकाणी दुष्काळात निम्मीही जगली नव्हती, इथं मात्र शंभरातली नव्वद. मग काय, सगळी दोन हजार रोपं मी इथंच टाकली. उत्तर इतकं देखणं आलं की जागा पाहायची गरजच वाटली नाही, इतका मी शहाणा.

कामावर देखरेख करणारे शालिग्रामनाना मला ती जुनी रोपं दाखवायला घेऊन गेले. विहिरीकडून घरांकडे जाणाऱ्या पायवाटेच्या कडेनं ती हिरवीगार उभी होती. भिकुबाई नावाची एक म्हातारी हंडा खाली ठेवून एकेका आळ्यात तांब्याभर पाणी ओतत होती.

रोज ओतता का, मी विचारलं. ती म्हणाली, तीन वर्षं झाली. कोणी सांगितलं नव्हतं, वाटेवरच आहेत म्हणून घालते. दुष्काळात विहीर आटली तेव्हा भांडी धुतलेलं पाणी राखून ठेवायची.

जमिनीचा म्हणून मी जो आकडा धरला होता, तो या बाईचा होता.

"आते कितला लावतस?" तिनं विचारलं.

नाना म्हणाले, दोन हजार. ती त्या उघड्या माळाकडे बघत राहिली.

"मी एकलीच शे, भाऊ."

एकटीनं एवढ्यांना पाणी कसं घालायचं म्हणून ती घाबरली होती. हे सगळं तिच्या डोक्यावर मीच ठेवलं होतं आणि तिला विचारलंही नव्हतं.

तेवढ्यात रस्त्याकडून कुऱ्हाडीचे घाव ऐकू आले. माझ्या कागदावर सही झाली म्हणूनच तोड आज सुरू झाली होती. मी धावत सुटलो. चुन्यानं एक नंबर टाकलेला कडुनिंब आडवा पडला होता आणि मजूर दोन नंबरकडे वळले होते. नोकरी जाणार हे दिसत होतं. मी दोन नंबरच्या खोडाला पाठ लावून उभा राहिलो. आकडा चुकलाय, माझा चुकलाय, एवढंच मी पुन्हा पुन्हा सांगत होतो.