आढ्यावरची फांदी

"हे तुम्ही वर विसरलात," असं म्हणून मी देवदाराची फांदी ओरेस्तेच्या हातात दिली.

दुपारची वेळ होती. माझ्या घराच्या आढ्यावर शेवटचं कौल बसवून माणसं नेहमीपेक्षा लवकर खाली उतरली होती. हौदावर हात-तोंड धुऊन, केस विंचरून सगळे अंगणाच्या कठड्यावर ओळीनं बसले होते. मला वाटलं, दमलेत. छप्पर कसं दिसतंय ते बघायला मी शिडीनं वर गेलो, तर आढ्याच्या टोकाला ही फांदी खोचलेली होती आणि तिला रंगीत कागदाच्या पट्ट्या लोंबत होत्या. खालच्या गावात नुकतीच जत्रा झाली होती. तिथला कागद वाऱ्यानं उडून आला असेल असं मी धरलं. नव्या छपरावर कचरा कशाला, म्हणून मी ती फांदी उपटली, बगलेत धरली आणि कौलांना धक्का न लावता खाली आणली.

ओरेस्ते माझा मुख्य गवंडी. त्यानं फांदीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

"बरं," तो म्हणाला. "समजलं."

त्यानं माझा हात हातात घेऊन दाबला. त्याच्यामागोमाग बाकीच्यांनीही तसंच केलं. दुइलियो सुतारसुद्धा आला. हा माणूस खिळ्याच्या आईबापाचा उद्धार केल्याशिवाय खिळा ठोकत नसे. तोही टोपी काढून आला आणि मान खाली घालून गेला. पिशव्या उचलून सगळे घरी गेले. मी अंगणात एकटाच उभा राहिलो आणि मनात म्हणालो, काय रीतीची माणसं आहेत ही.

मी मूळचा वेल्सचा. तिकडं जन्मभर बस चालवली. खाणीच्या गावातून निघायचं, शहरात जायचं, परत यायचं, तोच रस्ता. माझी बायको नेरिस एका शाळेच्या स्वयंपाकघरात होती. माझं नाव एम्लिन, पण इथं कार्नियाच्या डोंगरात ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही. इथं मी एमिल्यो झालो.

निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं घर शोधत इकडं आलो आणि हे घर नेरिसनं पसंत केलं. खाली गोठा, वर गवताचा माळा आणि मध्ये स्वयंपाकघर. त्या स्वयंपाकघराच्या मधोमध चौथऱ्यावर चूल आणि तिच्या तिन्ही बाजूंनी बाकं. दलाल आम्हाला जमिनीच्या हद्दी समजावत होता, तेवढ्यात नेरिसनं बाकावर बसून बूट काढले, विझलेल्या चुलीकडं पाय केले आणि राहायला कधी यायचं ते विचारलं. छप्पर चाळणीसारखं होतं. आम्ही दोन कोरड्या खोल्यांत राहिलो आणि बाकीच्या घरात पातेली मांडली. ढग बघून ती सांगायची की आज मोठं पातेलं लागणार. तसंच व्हायचं. अशी काही वर्षं गेली. फार मजेत गेली. छपरासाठी पैसे साठवले, ओरेस्तेशी बोलणं झालं, मे महिना ठरला.

फेब्रुवारीत नेरिस गेली. थोड्या दिवसांचं आजारपण झालं आणि गेली.

मी परत जाणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं. माझ्या बहिणीनं फोनवर खोलीसुद्धा तयार केल्याचं सांगितलं. मी ओरेस्तेला निरोप पाठवला की ठरल्याप्रमाणे मेमध्ये माणसं घेऊन ये. यात धैर्य वगैरे काही नव्हतं. काम काढलं नसतं तर मी त्या बाकावर बसून राहिलो असतो, एवढंच.

तो उन्हाळा चांगला गेला. सकाळी डोळा उघडायच्या आत हातोडे सुरू व्हायचे. ओरेस्ते बेसूर गायचा. दुइलियो लाकडाला, करवतीला, हवेला, सरकारला शिव्या द्यायचा. इथली भाषा मी निम्मी त्याच्याकडूनच शिकलो. त्याचा एक शब्द मला 'खूप' या अर्थाचा वाटायचा. तो वापरून मी एकदा पाद्रीबाबांना त्यांचं प्रवचन मला किती आवडलं ते सांगितलं. पाद्रीबाबांना ठसका लागला. दुसऱ्या दिवशी परांचीवरची सगळी माणसं पोट धरून बसली होती आणि दुइलियोनं मला मिठी मारली होती.

फांदी खाली आणली त्यानंतरच्या सोमवारी माणसं कामावर आली. पन्हळी लावायच्या होत्या, धुराडं बांधायचं होतं, आतलं प्लास्टर राहिलं होतं. पण ओरेस्ते गायला नाही. कुणी कुणाला मोठ्यानं हाक मारली नाही. मी समोर आलो की टोप्या निघायच्या. दुपारी अंगणात बसून पाव खायचे, ते आता लाकडांच्या खोपटामागं जाऊन खाऊ लागले. मी बिअर घेऊन गेलो, तर ओरेस्तेनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच सांगितलं, आता नको.

मग दुइलियोच्या अंगठ्यावर हातोडा बसला. मी खालीच उभा होतो. मी वाट पाहिली. त्यानं अंगठा तोंडात घातला, डोळे मिटून घेतले आणि "अरे" एवढंच म्हणाला.

मला भीती वाटली. माझं काय चुकलं ते कळेना. एक वासा वाकडा वाटतो असं मी पूर्वी कधी तरी म्हणालो होतो, ते लागलं असेल का, याचा विचार करत राहिलो. घर पुन्हा मार्चमध्ये होतं तसं झालं. वर धड छप्पर होतं, बाहेर माणसं होती, आणि तरी चुलीजवळचं घड्याळ ऐकू येत होतं.

शेवटी शेजारच्या ओनोरिनामावशी आल्या. ऐंशीच्या पुढच्या बाई. रोज सकाळी आमच्या दारावरून जाताना नेरिसशी तासभर बोलायच्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नसे. त्या आत आल्या, बाकावर बसल्या आणि काठी मांडीवर आडवी ठेवली.

"एमिल्यो, मला एक सांग. तू कंजूष आहेस की दुःखात आहेस?"

मी विचारलं, "म्हणजे काय, मावशी?"

"गावात दोन तट पडलेत. दुइलियो म्हणतो कंजूष. ओरेस्ते म्हणतो दुःखात. काल बारमध्ये दोघं एकमेकांच्या अंगावर गेले. तुला विचारायचं नाही असं ठरलंय. पण मला ह्या वयात कोण काय करणार?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. आढं पुरं झालं की कारागीर त्यावर हिरवी फांदी लावतात. मालकानं ती बघायची आणि सगळ्यांना पोटभर जेवूखाऊ घालायचं. त्या जेवणाला लिकोफ म्हणतात. फांदी मग आपोआप वाळून पडते. जेवण कारागिरांनी तोंडानं मागायचं नसतं. मागितलं तर त्यांचीच लाज जाते. ते फक्त हात धुऊन वाट बघतात. आणि जो मालक स्वतःच्या हातानं फांदी उतरवतो तो न बोलता सांगतो की माझ्याकडं जेवण नाही. असं दोघंच करतात. एक चिक्कू, ज्याच्या दाराची बिजागरी बसवायलाही पुढं कुणी फिरकत नाही. दुसरा ज्याच्या घरात वर्षाच्या आत कुणी गेलेलं असतं. त्याच्यापुढं टोपी काढायची आणि काम संपेपर्यंत आवाज चढवायचा नाही. ओरेस्ते मुख्य गवंडी, म्हणून कामावर बाकीच्यांना त्याचं ऐकावं लागलं.

"मावशी," मी म्हणालो, "मला वाटलं तो कचरा आहे."

त्यांनी माझ्याकडं टक लावून पाहिलं. मग त्या हसायला लागल्या. काठी खाली पडली. चुलीवर भांडं टांगायची साखळी धरून त्यांनी स्वतःला सावरलं, डोळ्यांतून पाणी आलं, तरी थांबेनात. "कचरा," त्या म्हणायच्या आणि पुन्हा सुरू व्हायच्या. ओरेस्तेनं त्या फांदीसाठी अर्धा डोंगर पालथा घातला होता म्हणे.

खिशातल्या रुमालानं डोळे पुसून झाल्यावर त्या शांत झाल्या. म्हणाल्या, एका अर्थी बरंच झालं. दुःख म्हटलं की सगळे मानतात, दुइलियोलाही मानावं लागेल. तू काही करू नकोस. कुणी तुला नावं ठेवणार नाही.

त्यांचं खरं होतं. मला नुसतं गप्प राहायचं होतं, आणि त्यात खोटंही काही नव्हतं. नेरिसचा कोट अजून दाराशी खिळ्यावर होता. तो हलवायचं माझ्यानं झालं नव्हतं. गप्प राहिलो असतो तर त्यांनी टोप्या काढून धुराडं बांधलं असतं, टोप्या काढून निरोप घेतला असता, आणि हे घर असंच राहिलं असतं, मी असेपर्यंत.

मी विचारलं, ओरेस्ते आत्ता कुठं भेटेल?

ओरेस्ते घराच्या पायरीवर घेवड्याच्या शेंगा सोलत बसला होता. मी सगळं सांगितलं. तो हसला नाही. फांदी पुन्हा लावशील का, असं मी विचारलं, तर त्यानं नाही म्हटलं.

"वर्षाच्या आत बाई गेलीय त्या घरातली. तिथं मी फांदी लावली तर माझा बाप थडग्यातून उठून मला जाब विचारेल. आणि उतरवलेली फांदी परत चढत नाही, एमिल्यो. असं कधी झालेलं नाही."

मला बोलायची सवय नाही. माझ्या भाषेतही नाही, त्यांच्या भाषेत तर नाहीच. पण त्या दिवशी मी बोललो.

"ओरेस्ते, नेरिस गेल्यापासून सगळ्यांनी मला खूप मान दिला. आता पुरे झाला. दुइलियोच्या अंगठ्यावर हातोडा बसला आणि त्यानं शिवी दिली नाही, तेव्हा मला वाटलं की मीही मेलोच. मला मान नको. तुम्ही सगळे माझ्याकडं जेवायला या."

त्यानं आणखी काही शेंगा सोलल्या.

"रांधणार कोण?"

"मी."

"येतं तुला?"

"नाही."

त्यानं परडी बाजूला ठेवली. "बघतो मग. जीव धोक्यात घालायला कोण कोण तयार आहे ते विचारतो."

रविवारी सगळे आले. उतरवलेली फांदी परत चढत नाही, म्हणून दुइलियोनं फांदी आणली नव्हती, देवदाराचा अख्खा शेंडा आणला होता. चौघांनी मिळून तो आढ्यावर चढवला आणि तारेनं करकचून बांधला. मग दुइलियो तिथंच उभा राहून सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला की एमिल्यो, नीट बघून घे, हा कचरा नाही. त्यापुढं तो जे बोलला ते मला सगळं समजलं. मला इतकं बरं बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

मी मटणाचा आणि कांद्याच्या पातीचा रस्सा केला होता. नेरिस शाळेतल्या पोरांसाठी करायची तो. जन्मभर मी तो खाल्ला, पण करताना कधी पाहिला नाही. ओनोरिनामावशींनी सकाळीच येऊन पातेल्यात डोकावलं होतं आणि तडक घरी जाऊन मक्याच्या पिठाची पोलेंता आणि बटाटा-चीजचा खरपूस फ्रिको करून आणला होता. जुन्या वाशांच्या फळ्या जोडून अंगणात टेबल मांडलं. मी पातेलं आणून झाकण काढलं.

दुइलियोनं वाकून आत पाहिलं. "एमिल्यो, छप्पर आम्ही नीट घातलं ना? मग एवढं पाणी आत आलं कुठून?"

हसणं थांबेपर्यंत मी सगळ्यांच्या ताटल्या भरल्या. मग माझ्या लक्षात आलं की कुणी हात लावत नाही. पाव तसाच होता. वाइनचे जग भरलेले होते आणि ग्लास रिकामे. प्रार्थना असेल म्हणून मी हात जोडले. प्रार्थना नव्हती. सगळे ताटलीकडं बघत बसले होते.

मी मावशींच्या कानाशी वाकून विचारलं, आता काय राहिलं?

त्यांनी मान वर केली नाही. "पहिला ग्लास घरातली बाई ओतते. मुख्य गवंड्याला. मग बाकीच्यांचं सुरू होतं." मग त्या उठू लागल्या. "मी ओतते."

"तुम्ही ह्या घरातल्या नाही, मावशी," ओरेस्ते म्हणाला. "बसा."

ह्या घरातला मी एकटाच उरलो होतो. मी जग उचलला. ओरेस्तेजवळ जाऊन मी त्याचा ग्लास भरला. थोडी वाइन टेबलावर सांडली.

ओरेस्ते उभा राहिला. त्यानं टोपी काढली. तो उठला तसे सगळे उठले. माझ्या डोळ्यांत बघून, घरच्या बाईशी ज्या अदबीनं बोलतात त्या अदबीनं तो म्हणाला,

"मालकीणबाई, तुमचं छप्पर पुरं झालं."

कुणी हसलं नाही. त्यानं ग्लास एका दमात रिकामा केला आणि उभाच राहिला. सगळे उभे होते. याला काहीतरी उत्तर असणार हे मला कळत होतं, पण ते मला येत नव्हतं. मी मावशींकडं पाहिलं.

"जेवा म्हणायचं," त्या पुटपुटल्या.

"जेवा," मी म्हणालो.

ते बसले. पाव माझ्या दिशेनं हातोहात सरकत आला.