तक्त्यावरचं बोट

माझं चुकत नाही, अशी आमच्या शाळेत माझी ख्याती आहे. अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवते आहे आणि फळ्यावर एकदा लिहिलेलं सहसा पुसत नाही. मुलं मला घाबरतात, सोबतचे शिक्षक पाठीमागे नाकं मुरडतात, आणि दोन्हीचं मला काही वाटत नाही. म्हणजे वाटत नव्हतं.

आठवीला हृदयाचा धडा दिवाळीनंतर येतो. नुसत्या तक्त्यावर चार कप्पे दाखवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून पहिल्या वर्षापासून मी खरं हृदय आणायची, बकऱ्याचं. कान्हे फाट्यावर चाँदभाईंचं मटणाचं दुकान. आदल्या दिवशी सांगून ठेवलं की सकाळी डबा तयार असायचा. एरवी गिऱ्हाइकाला देताना नळ्या मुळापासून छाटतात, पण माझ्यासाठी चाँदभाई महाधमनी चार बोटं राखायचे. तीत तांब्याने पाणी ओतून मी मुलांना दाखवायची, की बघा, झडप मिटली, पाणी माघारी आत गेलं नाही. वरची चरबी मात्र ते खरवडून, धुऊन, हृदय लख्ख करून द्यायचे. तशी माझीच सूचना होती. मला ते चित्रातल्यासारखं हवं असायचं.

"तुमी हृदय म्हना बाई, गिऱ्हाईक दिल म्हनून नेतं अन् कांद्यावर परततं," ते हसायचे. "पर अर्धा मास्तर तर मी बी झालो." फाट्यावर कुणाचं काही दुखलं-खुपलं की तेच त्याला माझ्याकडे धाडायचे. बाईंना इचारा, बाईंचं चुकत न्हाई.

गेल्या श्रावणात एकदा मधल्या सुट्टीत ते स्वतःच आले. श्रावणात मटणाच्या दुकानात माशा मारत बसायचं, त्यामुळे वेळच वेळ. प्रयोगशाळेच्या दाराशी चपला काढून उभे राहिले.

"बाई, एक इचारायचं हुतं. स्टेशनचा पूल चढताना हितं लय जड व्हतं." त्यांनी पोटाच्या वर, बरगड्या मिळतात तिथे हात ठेवला. "जबडा बी ठणकतो. जरा बसलं की जातं. दिलाचं तर न्हाई ना?"

माझ्यापुढे वह्यांचा गठ्ठा होता आणि डोकं आधीच फिरलेलं. मी उठले, भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवलं. "हृदय कुठे आहे, चाँदभाई? इथे. छातीत, जरा डावीकडे. तुमची डावी बाजू दुखते का? डावा हात?"

"न्हाई."

"मग? जबड्यात असतं का हृदय? श्रावणात बसून बसून पित्त झालंय तुम्हाला. थंड दूध घ्या."

ते खुदकन हसले. "सुटलो बगा," म्हणाले, आणि चपला घालून गेले. मी पुन्हा वह्यांकडे वळले.

चौथ्या दिवशी दुकानाचं शटर ओढताना ते खाली बसले, ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका. आधी चढावर जड झालं असणार, बसल्यावर थांबलं असणार, ती त्याचीच खूण; चार दिवस आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं.

मी भेटायला गेले. त्यांची बायको बदरुन्निसाभाभी माझा हात धरून रडल्या. "हट्टी मानूस, बाई. कुनालाच काय बोलला न्हाई. मला न्हाई तर न्हाई, निदान तुमच्याकडं तरी यायचं. तुमी लगीच वळखलं असतं."

हातातला चहा गार झाला, तो तसाच ठेवून मी उठले. त्या दिवसापासून शाळेत जाताना मी फाट्यावरून जात नाही. शेताच्या बांधाने, लांबून जाते. भाभींना खरं सांगायचं, एवढी एकच गोष्ट माझ्याकडून होईना. रोज सकाळी ठरवायची आणि रोज संध्याकाळी शेपूट घालून घरी यायची.

दिवाळी झाली, भातं कापून झाली, धडा आला. यंदा तक्त्यावरच उरकायचं, असं मी ठरवलं होतं. पण तास सुरू झाला आणि जिया स्टीलचा डबा घेऊन पुढे आली. जिया म्हणजे चाँदभाईंची नात, मुलीची मुलगी. आजोळीच राहते, आठवीत आहे.

"मामानं दिलंय, बाई. नाना दर वर्षी द्यायचे म्हनून. पर त्याला नीट साफ कराय येत न्हाई."

खरंच, हृदय चरबीसकट तसंच होतं. आणि त्या चरबीतून एक बारीक नळी वळत खाली गेली होती. अठ्ठावीस वर्षं ती चरबीबरोबर खरवडली जात होती. कॉलेजात मी ती शिकले होते. शिकवताना कधी लागली नाही, म्हणून पार विसरले होते.

मी बोलायला लागले. अंगभर फिरून आलेलं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला येतं, तिथून फुप्फुसांत, फुप्फुसांतून परत डाव्या बाजूला आणि तिथून पुन्हा साऱ्या अंगाला. एवढं रक्त त्याच्या पोटातून जातं, पण त्याचा स्वतःचा घास त्याला बाहेरच्या या बारक्या नळ्यांतूनच मिळतो. नळी तुंबली की हृदय उपाशी पडतं. मग दुखतं. छातीतच दुखेल असं नाही, पाठीत दुखतं, जबड्यात दुखतं, पोटाच्या वर...

मी खडू खाली ठेवला आणि घंटा होईपर्यंत खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.

नंतर जिया नळावर डबा घासत होती. मी तिच्याजवळ गेले. "जिया, तुझे नाना माझ्याकडे आले होते. विचारायला."

"म्हाईत हाय, बाई." ती घासतच राहिली. "त्याच दिशी मला बोलले. मी म्हनलं, डॉक्टरकडं जाऊ. तर म्हनले, बाईंनी तक्त्यावर बोट ठिवून सांगितलंय, आता काय काळजी न्हाई."

तीन महिने या पोरीने माझ्या वर्गात बसून, काही न बोलता वह्या पुऱ्या केल्या होत्या. "मी आज तुझ्या नानीला सगळं सांगणार आहे," मी म्हणाले.

"नका ना, बाई. नानीला नका सांगू."

"अगं, खरं आहे ते सांगायलाच हवं. तुझ्यावर काही येऊ देणार नाही मी."

"तसं न्हाई, बाई, नानी..."

मी तिला पुढे बोलू दिलं नाही. मला वाटलं, पोर मला वाचवायला बघतेय. खरं काय आणि योग्य काय, ते बाईंना कळतं.

संध्याकाळी मी फाट्यावरूनच गेले. भाभी अंगणात सुपात तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं, दूध घ्या म्हटलं तेही, जियाला ते बोलले होते तेही. "माझ्यामुळे गेले ते, भाभी. मला शिव्या द्या, वाटेल ते बोला."

भाभींचा हात सुपात थांबला. शिवी काही आली नाही.

"म्हंजी, सांगितलं त्यांनी," त्या म्हणाल्या. "तुमाला सांगितलं. ह्या पोरीला सांगितलं."

"हो."

"मी आपली म्हनायची, हट्टी मानूस, कुनालाच बोलला न्हाई. तेवढ्याच आधारावर दिस काढत हुते मी, बाई." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, राग असता तर किती बरं झालं असतं. "चाळीस वर्सं एका ताटात जेवलो आमी. मग मलाच तेवढं का न्हाई सांगितलं?"

जिया घरातून आली, तिने आजीच्या मांडीवरचं सूप उचलून बाजूला ठेवलं आणि तिचं डोकं पोटाशी धरलं. दोघींपैकी कुणीच माझ्याकडे पाहिलं नाही. नळावर ती पोर मला हेच सांगत होती, आणि मी तिला बोलू दिलं नव्हतं.