कुंकू लावलेली बॅटरी

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. विजेरीत घालतात ती बोटाएवढी नव्हे. मी चांगली वीस किलोची, काळ्या अंगाची, बारा व्होल्टची. पोटात सहा कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात ॲसिड. डोक्यावर शिशाचे दोन खुंट, एक प्लस आणि एक मायनस. हे दोन खुंट तेवढे लक्षात ठेवा. मालवणजवळच्या मसुरे गावातल्या एका घराने ते लक्षात ठेवले नाहीत, म्हणून तर मला सांगण्यासारखं काही घडलं.

घाटावरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. अंगावर चकचकीत लेबल होतं. वाटलं, आपण एखाद्या साहेबाच्या मोटारीत जाणार. गेले मासळीच्या टेंपोत! मालवणच्या बंदरावर बांगडा, तारली भरायची आणि कुडाळपर्यंत ठेचकाळत जायचं. तरी पहिल्याच चावीला टेंपो सुरू झाला की ड्रायव्हर खूश होऊन म्हणायचा, "काय गाडी आसा माझी!" गाडी? अहो, सुरू कोण करत होतं? पण बॉनेटखालच्या कष्टांना कोण विचारतो.

चार वर्षांनी टेंपोचं इंजिन बसलं आणि मी कट्टा गावात शिवा मेकॅनिकच्या गॅरेजात येऊन पडले. माझ्या अंगाला बांगड्याचा असा वास मुरला होता की तालुक्यातली मांजरं मला भेटायला येत. पुढे एका कोंबडीने माझ्यावर बैठक मारली आणि दोनदा अंडीही घातली. त्या गॅरेजातून काहीतरी वेळेवर तयार होऊन बाहेर पडलं असेल, तर तेवढंच.

अशी मी धूळ खात पडले असताना, अठ्ठ्याऐंशी सालच्या जानेवारीत, एक बाई गॅरेजात आली. तिचं नाव हौसाबाई. मसुऱ्याची. घरी भातशेती, चार काजू, एक भिडस्त नवरा दत्ताराम आणि एक मुलगी नर्मदा. नर्मदा कॉलेजात होती, एन.सी.सी.त होती, आणि त्या वर्षी दिल्लीच्या सव्वीस जानेवारीच्या संचलनासाठी तिची निवड झाली होती.

मग यात काळजी कसली? तर दत्तारामचा थोरला चुलतभाऊ बाबली. घराण्यातला मोठा, त्यामुळे कुणी न विचारता मत देण्याचा हक्क त्याच्याकडे. त्याने चार माणसांत सांगून टाकलं होतं, "चेडवाक दिल्लीक धाडलास? परेड-बिरेड सगळा खोटा. परत इला की कॉलेज बंद करूया. कणकवलेचा स्थळ आसा माझ्याकडे, लगीन लावून टाकूया."

दत्तारामने मान हलवली. तो कुणापुढेही मान हलवायचा, एकदा तर वासरापुढे हलवली होती. पण हौसाबाई उठून उभी राहिली.

"भावजीनू, टी.व्ही.त दिसली तर?"

"खंयची दिसता!"

"दिसली तर बी.ए. पुरा करतली. नाय दिसली तर तुमी म्हणशात ता."

झालं. पैज लागली. एका मुलीचं शिक्षण एका टी.व्ही.वर येऊन टेकलं. टी.व्ही. घरात होता, हौसाबाईच्या मुंबईच्या भावाने दिलेला, लहानसा, काळा-पांढरा. अँटेना माडाला बांधलेली होती, त्यामुळे वारा सुटला की बातम्या देणारा माणूस झोके घ्यायचा. पण खरी रड विजेची होती. मसुऱ्यात वीज पाहुण्यासारखी यायची आणि चहा घ्यायच्या आत निघायची.

"वयनी, काळजी कित्याक करतास?" शिवा म्हणाला. "तुमच्या टी.व्ही.च्या पाठीमागे बारा व्होल्टाचा भोक आसा. लायट गेली की बॅटरी जोडूची. टी.व्ही.क कळाचापण नाय." आणि त्याने कोंबडीला हुसकावून मला बाहेर काढलं. मित्रांनो, मी कुणाला तरी पुन्हा हवी होते! कोंबडीला मात्र वाईट वाटलं.

शिवाने मला रात्रभर चार्ज केलं आणि प्लसच्या खुंटाला लाल रंगाचा ठिपका दिला. "ह्यो लाल म्हणजे प्लस. वायर मीच येवन जोडतंय. तुमी कायएक करू नकात." हे शेवटचं वाक्य हौसाबाईने ऐकलं नसावं.

कट्ट्याहून मसुऱ्याला आम्ही एस.टी.ने गेलो. बॅटरी गाडीत घेत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. तिने मला जुन्या लुगड्यात गुंडाळलं, कानटोपडं बांधलं आणि मांडीवर घेतलं.

कंडक्टर वाकून म्हणाला, "बाळ का हो बाई?"

"होय. ताप इलोहा. हात लावू नकात."

"बाळाला बांगड्याचा वास येतोय."

"मालवणचा बाळ आसा," हौसाबाई म्हणाली, "मगे काय गुलाबाचो येतलो?"

सगळी गाडी हसली. मसुऱ्याला उतरेपर्यंत तिने मला थोपटलं. इतकं प्रेम मला कारखान्यातही मिळालं नव्हतं. त्याच्या बदल्यात मी तिच्या नेसत्या लुगड्याच्या पदराला सात भोकं पाडली. ॲसिड गळतं हो, वयानुसार.

आणि मग एक विचित्रच प्रकार झाला. वीज जाईना! वर्षभर लपंडाव खेळणारी वीज त्या आठवड्यात अशी ठाण मांडून बसली की माणसं घाबरली. बाबली रोज यायचा, माझ्यावर पाय ठेवायचा आणि म्हणायचा, "हौसाबाय, पाटाची सोय बरी केलंस गो."

पंचवीस तारखेला हौसाबाईने ठरवलं की उद्या मोठा दिवस आहे, बॅटरीची पूजा करायची. पूजा म्हणजे आधी स्वच्छता. तिने मला विहिरीवर नेलं, राख आणि नारळाचा काथ्या घेतला आणि तांब्याचा हंडा घासावा तशी घासली. एका खुंटावर हिरवट कीट चढलं होतं. ते निघता निघेना, तेव्हा तिने चिंच लावली. कीट गेलं. त्याच्यासोबत शिवाचा लाल ठिपकाही गेला. नंतर तिने मला चौरंगावर ठेवून ज्या खुंटावर तिचा उजवा हात आधी पडला त्याला कुंकू लावलं, दुसऱ्याला हळद.

मित्रांनो, कुंकू मायनसला लागलं होतं! मी ओरडले असते. पण बॅटरीला तोंड नसतं. सहा झाकणं असतात, त्यांचा बोलायला उपयोग नाही.

सव्वीसची सकाळ उजाडली. ओटीवर पन्नास माणसं. शिवा आला. बाबली आला, काखेत ट्रान्झिस्टर घेऊन. देवीच्या जत्रेत सगळ्यांसमोर विडी-सिगरेट सोडल्यापासून त्याला एक हात नेहमी रिकामा वाटायचा, म्हणून तो ट्रान्झिस्टर बाळगत असे. टी.व्ही. लागला. हत्ती दिसले, तोफा दिसल्या. वीज होती. मी चौरंगावर हळदीकुंकू लावून एखाद्या न बोलावलेल्या पाहुणीसारखी बसले होते.

पथकं चालत येऊ लागली, आणि टी.व्ही. मिटला.

"लायट गेली!"

पन्नास माणसांनी मिळून वायरमनच्या सात पिढ्यांची आठवण काढली. हौसाबाई मात्र हसली. त्या घरात वीज गेल्याचा आनंद झालेली ती पहिलीच बाई असेल. "शिवा, जोड रे!"

शिवा बाह्या सरसावून पुढे झाला. माझा प्लसचा खुंट थोडा जाड असतो, पण ते बघायला खाली बघावं लागतं आणि शिवा बघत होता गर्दीकडे. "बघा हां," तो म्हणाला, "ह्यो लाल, ही लाल वायर. लालाक लाल!" त्याने वायर लावली. टी.व्ही.मागे 'टक्' झालं आणि करपट वास आला. बस.

"काय झाला?" हौसाबाईने विचारलं.

"फ्यूज गेलो," शिवा पुटपुटला. "पण जावचो कित्याक? लाल प्लसाकच तर लावलंय मी!" त्याने लाल खुंटावर बोट फिरवलं आणि बोटाकडे बघत राहिला. "वयनी, ह्यो रंग हाताक कसो लागता?"

"रंग खंयचो? कुंकू ता. मी लायलंय."

"आणि माझो रंग?"

"घासलंय."

शिवाने कपाळावर हात मारला. इकडे बाबलीच्या ट्रान्झिस्टरमधून दिल्लीचा माणूस हिंदीत सांगत होता की आता पोलिसांची पथकं येत आहेत आणि त्यांच्यामागे एन.सी.सी.

"कणकवलेक कळवतंय मगे," बाबली म्हणाला.

दत्तारामला काही सुचेना तेव्हा त्याने जे येत होतं ते केलं. हात जोडून माझ्यासमोर, देवळात घालतात तसं, गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, आज ह्या बॅटरेची जी काय चूकभूल झाली आसात..."

"होय म्हाराजा!" पन्नास माणसं.

"...ती आमच्या बायलेची आसा रे म्हाराजा..."

"होय म्हाराजा!"

"गप रवा सगळे!" हौसाबाई कडाडली. गाऱ्हाणं अर्ध्यात तोडायचं पाप तिने केलं, पण मला त्या क्षणी ती फार आवडली. ती माझ्यासमोर उकिडवी बसली. दोन्ही खुंटांवर तिने बोटं फिरवली. हजार भांडी घासलेली बोटं ती. "शिवा, एका बाजूक हिरवो कीट होतो. जाय नाय होतो. चिंच लावन काढलंय मी."

शिवाचे डोळे चमकले. "कीट प्लसाकच चढता! खंयच्या बाजूक होतो?"

"डाव्या. ह्यो बघ, हळदीचो. जाडोपण आसा."

"सुटलंव!" शिवाने वायरी उलट केल्या. "पण फ्यूज? फ्यूज खंयसून हाडू? चांदीचो कागद व्हयो. सिगरेटच्या पाकिटात आसता ना, तसलो. पण हयसर कोण..."

ट्रान्झिस्टर म्हणाला, पोलिसांचं शेवटचं पथक सलामी देत आहे.

आणि मित्रांनो, मी माझ्या सगळ्या आयुष्यात पाहिलेली सर्वात थोर गोष्ट तेव्हा घडली. बाबली ताडकन उठला, सदऱ्याच्या आतल्या खिशात हात घातला आणि सिगरेटचं पाकीट शिवासमोर धरलं. "घे रे मेल्या, लवकर! चेडू येता आमचा!"

सगळ्यांनी त्या पाकिटाकडे पाहिलं. मग बाबलीकडे. बाबलीनेही पाकिटाकडे पाहिलं, जणू ते कुणी दुसऱ्यानेच पुढे केलं होतं.

"देवीक सांगान सोडलेली ना हो तुमी?" मागून एक म्हातारी म्हणाली.

"मगे बघूया ता!" बाबली ओरडला.

शिवाने चांदीचा कागद फाडला, फ्यूजला गुंडाळला, दाबून बसवला. वायर लावली. मी पोटातल्या सहाही कप्प्यांतून जोर लावला. मासळीच्या टेंपोला धक्का न मारता सुरू करणारी मी! त्या लहानशा टी.व्ही.त आधी एक ठिपका आला, मग एक रेघ, मग सगळी दिल्ली उजळली.

मुली चालत होत्या. सारख्या टोप्या, सारखे हात, सारख्या मुली. पहिल्या ओळीत उजवीकडून तिसरी, असं नर्मदेने पत्रात लिहिलं होतं. पण चेहरे सगळे समोर वळलेले आणि कॅमेरा बाजूला. नुसते कान दिसत होते. कानावरून पैज कशी जिंकायची?

"खंय आसा?" बाबली पुटपुटला. "ह्यातला आमचा चेडू कसा ओळखूचा..."

एवढ्यात तिथून हुकूम झाला, आणि त्या सगळ्या मुलींनी एकदम माना वळवल्या. थेट आमच्याकडे. उजवीकडून तिसरी, हनुवटीवर तीळ असलेली मुलगी डोळे न मिटता हौसाबाईकडे बघत होती. चार सेकंद असतील. पाचवं नव्हतं.

"माका बघल्यान," हौसाबाई म्हणाली. एवढंच म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. पदराला भोकं होती, त्यामुळे त्यातूनही तिला दिसत राहिलं.

ओटीवर असा जल्लोष झाला की माडावरचे कावळे उडाले. दत्तारामने शिवाला मिठी मारली. बाबली सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता, "आमच्या घराण्यातला चेडू आसा! मी पयल्यापासून सांगी होतंय!" कुणी त्याला आडवं आलं नाही. पाकीट अजून शिवाच्या हातात होतं ना!

नर्मदा फेब्रुवारीत परत आली आणि पुढच्या वर्षी बी.ए. झाली. कणकवलीच्या स्थळाने दुसरीकडे लग्न केलं. नर्मदेनेच मला नीट सांभाळलं. विहिरीचं पाणी नाही, डिस्टिल्ड पाणी. राख नाही, कोरडं फडकं. प्लसवर तिने ठळक लाल रंगाची खूण केली.

तरी हौसाबाई कुठली ऐकते! दर सव्वीस जानेवारीला ती मला चौरंगावर बसवते. कुंकू आता जाड खुंटाला, हळद बारीक खुंटाला. आणि गंमत सांगू? आता मसुऱ्यात नऊ घरांत टी.व्ही.साठी बॅटऱ्या आल्या आहेत, आणि नऊही घरांत प्लसला कुंकू आणि मायनसला हळद असते. शिवा नव्या गिऱ्हाइकांना सांगतो की ही पद्धत कंपनीचीच आहे.

तर मित्रांनो, तुमच्या घरात कोपऱ्यात माझ्यासारखी कुणी बसली असेल, तर तिला पाट समजून पाय ठेवू नका. तिला वेळच्या वेळी पाणी द्या. तिची पूजा करा, हरकत नाही. पण कुंकू लावण्याआधी जरा खाली वाकून बघा, जाड खुंट कोणता ते.