दारावर काय लिहायचं

आमच्या ऑफिसातला नवा संडास बांधून तयार होता. फरशी लख्ख, नळाला पाणी, आरसासुद्धा टांगलेला. तरी दाराला कुलूप. कारण दारावर पाटी नव्हती, आणि आमच्याकडे पाटी मंजूर झाल्याशिवाय कुठलीही खोली वापरात येत नाही. तोवर जायचं तर रस्ता ओलांडून समोरच्या इमारतीत, तिथल्या वॉचमनची बोलणी खात.

त्या दिवशी मीटिंग पाटीचीच होती. मीटिंगचा वृत्तांत मी लिहिते, त्यामुळे मधेच उठायची सोय नाही. सकाळी लेक म्हणालीही होती, "आई, आज ती लघवीची गोळी नको घेऊस." मी म्हटलं, "तू डॉक्टर कधी झालीस?" आणि घेतली. ब्लडप्रेशरशी कोण खेळणार! आता मीटिंग संपेपर्यंत धरून ठेवायचं, एवढंच देवाकडे मागणं होतं.

भिंतीवरच्या पडद्यावर परदेशातल्या शाखांचे साहेबलोक आले. अमेरिकेच्या बाईंना 'रेस्टरूम' हवं. 'टॉयलेट' म्हटलं की त्यांना थेट भांडंच दिसतं म्हणे. इंग्लंडचे साहेब हसले, "तिथं विश्रांती कोण घेतं? टॉयलेटच लिहा. घरी तर आम्ही 'लू' म्हणतो." कॅनडाच्या साहेबांचं 'वॉशरूम'. फिलिपिन्सच्या साहेबांनी 'कम्फर्ट रूम' सुचवलं, तर सगळे वा वा करायला लागले. मी पाय आवळून एकेक शब्द लिहून घेत होते. पोर पाळण्यात रडून लाल झालंय आणि आत्याबाया नावावरून भांडतायत, त्यातली गत.

किल्ली आमच्या साहेबांच्या खिशात, आणि साहेब माझ्या शेजारच्या खुर्चीत. मी हळूच म्हटलं, "साहेब, जरा किल्ली देता? मला अगदीच राहवत नाहीये."

"अहो ताई, पाटी ठरल्याशिवाय कसं उघडणार? पाचच मिनिटं."

तेवढ्यात ऑस्ट्रेलियाच्या साहेबांना आजोबांच्या परसातली 'डनी', म्हणजे त्यांच्याकडचा संडास, आठवली. आत म्हणे हा एवढा कोळी असायचा. सगळे पोट धरून हसले. पोट मीही धरलं होतं, पण हसायला नाही. असा संताप आला! वाटलं, ओरडून सांगावं, काहीही म्हणा मेल्यांनो, पण दार उघडा. नाही ओरडले. इतकी वर्षं शहाणी बाई म्हणून नाव कमावलं होतं, तेच नडलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

शेवटी अमेरिकेच्या बाई म्हणाल्या, शब्दच नको, चित्र लावू. दारावर एक बाई, शेजारी एक बाप्या. सगळ्यांना पटलं. टाळ्या झाल्या.

त्या टाळ्यांतच माझा धीर सुटला. आधी ऊब जाणवली, मग खुर्चीचं कापड भिजत गेलं. मी पेन सोडलं नाही. 'सर्वानुमते' हा शब्द दोनदा लिहिला गेला. लाजेनं डोळे भरले, आणि का कोण जाणे, लेक जवळ असायला हवी होती असं वाटलं.

"आमच्या ताई मघापासून थांबल्यात," साहेब पडद्याकडे बघून म्हणाले, "तेव्हा पहिला मान त्यांचा!" त्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्यापुढे ठेवली. पडद्यावरचे सगळे कौतुकानं माझ्याकडे बघायला लागले. कुणीतरी पुन्हा टाळ्या सुरू केल्या.

"उठा ना ताई," साहेब म्हणाले.