साबणाने धुतलेला स्पंज

सुनेने बैठकीच्या खोलीत काचेची टाकी आणली, तळाशी वाळू घातली, पाणी भरलं, फिल्टर सुरू केला आणि मासे काही आणले नाहीत. आठवडे गेले तरी नुसतं पाणीच बुडबुडत होतं.

"लोक कुत्रं पाळतात, मांजर पाळतात. आमच्याकडे पाणी पाळलंय," आक्का येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची.

"आई, टाकी आधी तयार व्हावी लागते," सून म्हणायची. "माशांच्या घाणीचं विष होतं. ते खाऊन टाकणारे जंतू अगोदर वाढवायचे असतात."

"जंतू वाढवतेस? माझी हयात गेली ते मारण्यात!"

सून हसायची आणि नळीत पाणी घेऊन, त्यात औषधाचे थेंब टाकून रंग बघत बसायची. त्यांच्या नळाचं पाणी जड. बादलीला पांढरे थर धरायचे. म्हणून ती त्यात आरओचं पाणी मापाने मिसळायची. त्याच जड पाण्यात आक्काची भांडी मात्र आरशासारखी लखलखायची. लिंबाची फोड, कढत पाणी आणि मनगट, बस्स. शाळेत ती फारशी गेली नव्हती, पण स्वच्छतेत तिला नापास करणारा अजून जन्माला यायचा होता.

एकदाचा रंग मनासारखा आला आणि सून नवऱ्याला घेऊन मासे आणायला गेली. घरात आक्का एकटी. टाकीच्या काठाला क्षाराची पांढरी रेघ होती. फिल्टरची डबी उघडून पाहते तो स्पंजावर हा तपकिरी, गिळगिळीत राप! पाहुणे दारात येणार आणि घराची ही दशा? तिने पदर खोचला. स्पंज साबण लावून कढत पाण्यात पिळून पिळून धुतला. काळं पाणी निघायला लागलं तसा तिला आणखीच जोर चढला.

"अय्या, काठ किती चकचकीत केलात, आई!" सून आल्या आल्या म्हणाली.

"मग? पाहुण्यांना घाणीत उतरवू?"

स्पंजाचं ती काही बोलली नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

थोडेच दिवस गेले आणि लाल शेपटीचे ते चिमुकले मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागले. एका सकाळी एक आडवा होऊन तरंगताना दिसला. सुनेने धावत जाऊन थेंब टाकले. नळीतलं पाणी हिरवंगार झालं, म्हणजे टाकीत विष साठलं होतं.

"बघा, मी म्हणत नव्हते?" आक्काच्या जिभेला सवयच ती. "रंग बघून का कुठे मासे जगतात? हिच्याने व्हायचं नाही हे."

"आई म्हणते ते खरंच आहे," लेकाने लगेच री ओढली. "जमत नाही तर नाद कशाला करायचा? जिवंत प्राणी आहेत ते."

सुनेचे डोळे भरले. "पण टाकी तयार होती हो. जंतू स्पंजात असतात, ते मेल्याशिवाय असं होत नाही. आणि स्पंजाला तर मी बोटही लावलेलं नाही... माझं पाण्याचं मापच चुकलं असणार. सगळं पाणी काढून नुसतं आरओचं भरते. एकदम बदललेलं त्यांना सोसणार नाही, पण मला दुसरं काही सुचत नाही."

मोरीतून वाहून गेलेलं ते काळं पाणी आक्काला लख्ख दिसलं. ती स्वयंपाकघरात गेली, पुसलेला ओटा पुन्हा पुसला. बाहेर सून बादली ओढत होती, नाक ओढत होती. बोलू नये, कुणाला कळणार आहे? मासेच तर आहेत. पण मघाचं आपलंच बोलणं तिच्या कानात घोंगावत होतं.

ती दारात येऊन उभी राहिली. "थांब. पाणी काढू नकोस. स्पंज मी धुतला."

"कशाने?" लेकाने विचारलं.

"साबणाने. कढत पाण्यात."

लेक खो खो हसत सुटला. सून हसली नाही. तिने पाण्यातून हात बाहेर काढला. "मला सांगायचंत ना, आई," एवढंच म्हणाली. तिने आरडाओरडा केला असता तर आक्काने सव्वापट केला असता. त्यात ती कुणाला हार गेली नव्हती. या एवढ्याशा बोलण्यावर मात्र तिने पुढे होऊन बादली बाजूला सरकवली.

"चालू टाकीतला मळका स्पंज मिळाला तर हे वाचतील," सून म्हणाली. "वरच्या काकूंकडे टाकी आहे. मी जाऊन मागते."

वरची काकू म्हणजे आक्काची धाकटी जाऊ. तिच्या घरी चहाचा कप पदराने पुसल्याशिवाय आक्का तोंडाला लावत नसे, तेही चारचौघांत.

"तू नको. मी धुतलाय, मीच जाते."

जाऊने दार उघडलं. "अगंबाई, आक्का! आज वाट चुकलात की काय?"

"तुझ्या टाकीतला स्पंज हवा होता थोडा."

"हात्तिच्या! धुवून देते की."

"धुवू नकोस! आहे तसाच दे."

"आक्का, आमच्या घरची घाण? आणि ती तुम्हाला?"

आक्काच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "हस, पोटभर हस. पण आधी दे. माझ्या हातून मासे मरताहेत."

जाऊचं हसू मावळलं. तिने कात्रीने अर्धा स्पंज कापला आणि टाकीतल्याच पाण्यासह वाटीत घातला. वाटी पुढे करता करता थबकली, वाटीचं बूड आपल्या पदराने पुसलं आणि मगच आक्काच्या हातात दिली. ते पाहून आक्काला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

जिना उतरताना वाटीतलं काळं पाणी हिंदकळून तिच्या लुगड्यावर सांडलं. तिने पुसलं नाही.

सुनेने स्पंज टाकीत पिळला तसा स्वच्छ पाण्यात तपकिरी ढग पसरला. मग तो तुकडा तिने फिल्टरच्या डबीत बसवला. मासे अजून वरच होते.

"जगतील का गं?"

"काही जगतील. पण आता रोज थोडं थोडं पाणी बदलावं लागेल, नेहमीच्याच मापाचं. मी कामावर गेले की कोण करणार?"

"मी करेन," आक्का म्हणाली. मान वर न करता तिने बादली जवळ ओढली. "किती नळाचं, किती आरओचं, ते दाखव. आणि माझ्या मनाने मी काही करायला लागले, तर सरळ हात धर माझा."